कमी खर्चात घरचे पडदे : छाप्याच्या रंगकामाची रीत आणि हिशेब

वऱ्हाडात कापूस पिकतो. परंतु अमरावती-अकोल्याच्या मोहल्ल्यांतील घरांच्या दारावर लटकणारा पडदा मात्र बहुधा बाहेरून आलेल्या पॉलिएस्टरचा असतो. आपल्या घरांत पडदा ही केवळ शोभेची वस्तू नाही. दोन खोल्यांच्या घरात तो भिंतीचे आणि दाराचे काम करतो. बैठकीत पाहुणे बसले असता आतल्या माणसांना मोकळेपणाने वावरता यावे, यासाठी प्रत्येक दाराला पडदा लागतो. म्हणजे लहानशा घरालाही चार ते सहा पडदे हवेत. ईद जवळ आली किंवा घरात लग्न निघाले की ते बदलावेसे वाटतात, आणि नेमक्या त्याच वेळी हातात पैसा कमी असतो.

या अडचणीवर एक साधा उपाय आहे. साधा सुती कपडा घ्यावा, घरीच कापलेल्या छाप्यातून त्यावर रंगाने किनार उठवावी आणि पडदा शिवून घ्यावा. या कामाला यंत्र लागत नाही, वीज फक्त इस्त्रीपुरती लागते, आणि शिकण्यास दोन-तीन दिवस पुरतात. या लेखात आम्ही कपडा, माप, नक्षी, छापा, रंग आणि रंग पक्का करण्याची रीत क्रमाने देत आहोत. त्याचबरोबर हे काम उपजीविकेसाठी करावे की फक्त घरापुरते, याचा हिशेबही मांडत आहोत. कारण ‘घरबसल्या कमवा’ असे सांगणारे पुष्कळ असतात, पण त्यातून तासाला किती पैसे सुटतात हे कोणी सांगत नाही.

छापा आपल्याला नवा नाही

१८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले. तोपर्यंत वऱ्हाडचा कापूस दाबलेल्या गाठींच्या रूपाने मुंबईमार्गे विलायतेस जाऊ लागला होता. प्रेसिंग फॅक्टरीत गाठ बांधून झाली की तिच्यावर मार्का आणि नंबर टाकतात. त्याची जुनी रीत अशी की पत्र्यात अक्षरे कोरून काढायची, तो पत्रा गाठीवर धरायचा आणि वरून काळ्या रंगाचा ब्रश मारायचा. इंग्रजीत ज्याला स्टेन्सिल म्हणतात तो हाच. पत्र्यात जेथे छिद्र, तेथेच रंग उतरतो. धान्याच्या पोत्यावरचा मार्का, ट्रकच्या फळीवरचा नंबर, बाजारात मिळणारी रांगोळीची जाळी, या सर्वांमागे हेच तत्त्व आहे.

जपानात याच तत्त्वावर एक मोठी कला उभी राहिली. तुतीच्या सालीचा कागद काही थर चिकटवून जाड करतात, त्याला कच्च्या तेंदूसारख्या फळाच्या रसाने पाणी न शोषणारा बनवतात, आणि त्यात अत्यंत बारीक नक्षी कापून कपड्यावर उतरवतात. आपल्याला इतक्या बारीक कामाची गरज नाही. गाठीवरचा मार्का आणि ती जपानी नक्षी यांच्या मधला मार्ग आपल्या पडद्यांना पुरेसा आहे.

कपड्यावर हाताने नक्षी उठवण्याच्या तीन रीती आहेत. लाकडी ठसा कारागिराकडून कोरून घ्यावा लागतो आणि तो महाग पडतो. स्क्रीन छपाईस चौकट, जाळी आणि रसायन लागते. शेकड्याने माल काढायचा असेल तरच ती परवडते. स्टेन्सिलचा छापा काही रुपयांत होतो आणि दोन पडद्यांपासून वीस पडद्यांपर्यंतच्या कामाला तोच सर्वांत योग्य आहे.

कपडा कोणता घ्यावा

यासाठी सुती कपडाच घ्यावा. मांजरपाट सर्वांत स्वस्त आहे. तो पिवळसर असतो, पण पडद्यासाठी हा रंग वाईट दिसत नाही. केसमेंट थोडे जाड असते, त्याची घडी चांगली पडते आणि पन्हाही मोठा मिळतो. पॉपलीन पातळ आहे. ते खिडकीला चालेल, दाराला नाही. टेरिकॉट किंवा पॉलिएस्टरवर हा रंग नीट धरत नाही आणि रंग पक्का करण्यासाठी लागणारी गरम इस्त्री त्या कपड्याला सोसत नाही.

अमरावतीत इतवारा परिसरातील दुकाने किंवा नागपूर रस्त्यावरील बिझीलँड आणि सिटीलँड ही ठोक कापडाची संकुले, तसेच अकोल्यात टिळक रोडचा कापड बाजार, येथे चौकशी करून मगच खरेदी करावी. ताक्याच्या शेवटी उरलेले तुकडे पुष्कळदा कमी भावात मिळतात. मात्र एका दाराचे सर्व तुकडे एकाच ताक्याचे आहेत ना, हे उजेडात नेऊन पाहावे. दोन ताक्यांच्या पांढऱ्या रंगातही फरक असतो आणि तो पडदा लटकल्यावर दिसतो. घरातील जुनी सुती चादर सुस्थितीत असेल तर तीही उत्तम. ती आधीच धुतलेली असल्यामुळे आणखी आटत नाही.

कोऱ्या कपड्याला खळ असते. तिच्यावर रंग लावला तर रंग धाग्यात न शिरता खळीवर बसतो आणि पहिल्या धुण्यात खळीबरोबर निघून जातो. म्हणून कपडा रात्रभर पाण्यात भिजत घालावा, सकाळी साबणाने धुवावा, वाळवावा आणि मग इस्त्री करावी. निळ किंवा कपडे मऊ करणारे द्रव्य वापरू नये. या धुण्याने कपडा आटतोही. किती आटतो हे कपड्यागणिक वेगळे असते. त्यासाठी एक मीटरचा तुकडा धुऊन मोजावा. तो ९४ सेंटिमीटर भरला तर शंभरास सहा आटला असे समजावे आणि त्या प्रमाणात खरेदी वाढवावी.

माप कसे घ्यावे

मोजावे दारावरून, अंदाजाने घेऊ नये. समजा दार ३६ इंच रुंद आणि ८४ इंच उंच आहे. दांडी चौकटीच्या दोन इंच वर लावली आणि पडदा जमिनीपासून दोन इंच वर ठेवला, तर तयार पडद्याची लांबी ८४ इंच होते. वर नेफ्यासाठी ४ इंच आणि खाली दुमडीसाठी ४ इंच धरले की ९२ इंच झाले. कपडा शंभरास सहा आटणारा असेल तर कोरा कपडा सुमारे ९८ इंच, म्हणजे अडीच मीटर घ्यावा लागेल.

आता रुंदी. पडदा दाराइतकाच रुंद ठेवला तर तो ताणलेल्या चादरीसारखा दिसतो आणि बाजूने फट राहते. रुंदी दाराच्या दीडपट ते दुप्पट असावी म्हणजे चुण्या पडतात. ४४ इंच पन्ह्याचा कपडा धुतल्यावर साधारण ४२ इंच राहतो. एका दाराला दीड पन्हा घेतला तर ६३ इंच होतात आणि जोड व कडेच्या दुमडी जाऊन ६० इंच उरतात. ही रुंदी ३६ इंचांच्या दाराला पुरेशी आहे. म्हणजे दोन दारांसाठी अडीच मीटरचे तीन पन्हे, एकूण साडेसात मीटर कपडा लागतो. तिसरा पन्हा उभा मधोमध कापून दोन्ही पडद्यांना अर्धा अर्धा जोडावा. जोड भिंतीकडील बाजूस ठेवला तर तो चुण्यांत लपतो.

नक्षीची निवड

आपल्या वाचकांच्या मनात येथे एक प्रश्न येईल, तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. हजरत आयशा (रजि.) यांनी घरात चित्रांचा पडदा लावला होता. प्रेषित मुहम्मद (स.) प्रवासाहून परतले तेव्हा त्यांनी तो नापसंत केला, आणि हजरत आयशा (रजि.) यांनी तो फाडून त्याच्या उशा केल्या, ही हकीकत बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आली आहे. नमाजात लक्ष विचलित होते म्हणून नक्षीचा पडदा समोरून काढण्यास सांगितल्याचाही उल्लेख बुखारीमध्ये आहे. याच संग्रहात, चित्रे काढून पोट भरणाऱ्या एका माणसाला हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी दिलेला सल्लाही आहे. हेच काम करावयाचे असेल तर झाडे आणि ज्यात प्राण नाही अशा वस्तू काढाव्यात, असे त्यांनी त्यास सांगितले. म्हणजे व्यवसाय बंद न करता त्याला वळण दिले. आपल्या कामाला हे मार्गदर्शन पुरेसे आहे. मोर, हरीण, बाहुल्या सोडून द्याव्यात. पाने, फुले, वेली आणि भूमितीच्या आकृत्या घ्याव्यात. ज्या खोलीत नमाज पढली जाते, तेथे किब्ल्याच्या दिशेचा पडदा साधाच ठेवावा. आयती किंवा अल्लाहचे नाव पडद्यावर छापू नये. पडदा जमिनीला लागतो, धुण्यात पडतो, त्याला ओले हात पुसले जातात. त्यात बेअदबी होते.

नक्षीसाठी बाहेरची पुस्तके शोधण्याची आवश्यकता नाही. अकोला जिल्ह्यातील नरनाळा किल्ल्याचा महाकाली दरवाजा पाहावा. त्यावर कमळाची फुले, अरबी लेख आणि दगडी जाळ्यांचे काम आहे. चिखलदऱ्याजवळील गाविलगडच्या मशिदीतही दगडात कोरलेल्या जाळ्या आहेत. ज्या इमादशाहीची राजधानी अचलपूर, म्हणजे तेव्हाचे एलिचपूर होती, तिच्या काळातील गवंड्यांनी चौकोन, अष्टकोन आणि तारा यांचा असा मेळ घातला की डोळा थकत नाही. दगडातील जाळी आणि आपला छापा यांचे काम एकच आहे. भरीव आणि पोकळ यांतून नक्षी उभी करणे. शेतातून घ्यायचे तर पऱ्हाटीचे पाच बोटांचे पान, उमललेले बोंड, वरुड-मोर्शीकडील संत्र्याचे फूल, कडुनिंबाची डहाळी, हे सर्व एका रंगात सुरेख उठते.

छापा कापणे

छाप्यासाठी जुनी एक्स-रे फिल्म, फाइलचे जाड प्लास्टिक किंवा पारदर्शक प्लास्टिक शीट घ्यावी. पुठ्ठा घेतला तर त्यास दोन्ही बाजूंनी वॉर्निश द्यावे, नाहीतर तो दहा-बारा छापांतच भिजून फुगतो. नक्षी आधी कागदावर काढावी, कागद प्लास्टिकखाली ठेवून चिकटपट्टीने पक्का करावा, आणि जाड काचेवर किंवा प्लायवर ठेवून धारदार कटरने कापावा. वळणावर कटर फिरवण्यापेक्षा शीट फिरवली तर कड स्वच्छ येते. लहान मुलांना या वेळी जवळ बसू देऊ नये.

यात एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फुलाच्या मध्यभागी भरीव गोल ठेवायचा असेल तर तो चारी बाजूंनी सुटा कापता येत नाही. कापला तर तो गळून पडेल. त्याला बाकीच्या शीटशी जोडणारे तीन-चार मिलिमीटरचे दुवे ठेवावे लागतात. हे दुवे जेथे तेथे न ठेवता नक्षीचाच भाग वाटतील असे ठेवावेत. पाकळ्यांमधील रेघा, पानाची शीर अशा ठिकाणी ते शोभून दिसतात.

किनारीचा छापा ६ इंच लांबीचा करावा. ६० इंचांच्या पडद्यावर तो बरोबर १० वेळा बसतो आणि शेवटी अर्धी नक्षी उरत नाही. नक्षीच्या दोन्ही टोकांना छाप्यावर लहान खुणा कापाव्यात. पुढचा छापा ठेवताना मागच्या छापाशी खूण जुळवली की ओळ सरळ जाते. दोन रंग हवे असतील तर प्रत्येक रंगाचा छापा वेगळा कापावा. नव्याने शिकणाऱ्याने मात्र एकाच रंगाने सुरुवात करावी.

रंग

घरगुती कामासाठी बाजारात फॅब्रिक कलर म्हणून मिळणारा रंग सोयीचा आहे. तो पाण्यात विरघळतो आणि वाळल्यावर पक्का होतो. जास्त काम असेल तर स्क्रीन छपाईवाले वापरतात तो पिगमेंट रंग आणि तयार बाइंडर पेस्ट घ्यावी. ते स्वस्त पडते. १०० ग्रॅम पेस्टमध्ये ३ ते ५ ग्रॅम पिगमेंट पुरते. रंग अधिक गडद करण्याच्या मोहाने पिगमेंट वाढवले तर बाइंडर त्याला धरू शकत नाही आणि पडद्याला हात लागताच हाताला रंग लागतो.

भिंतीचा डिस्टेंपर धुण्यात निघून जातो. ऑइल पेंटने कपडा पापडासारखा कडक होतो, घडीवर भेगा पडतात आणि वास अनेक दिवस जात नाही. ही दोन्ही द्रव्ये घरात उरलेली असली तरी कपड्यासाठी वापरू नयेत.

रंग दह्यासारखा घट्ट असावा. पाणी घालून पातळ केलेला रंग छाप्याच्या कडेखाली शिरतो आणि नक्षी पसरते. या कामात बिघाड होण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

प्रत्यक्ष छपाई

प्रथम पन्हे जोडून घ्यावेत आणि खालच्या दुमडीची घडी इस्त्रीने पाडावी, म्हणजे किनार कोठे बसवायची ते कळते. टेबलावर किंवा फरशीवर जुने ब्लँकेट, त्यावर जुनी चादर आणि त्यावर पडद्याचा कपडा पसरून टाचण्या लावाव्यात. तयार कडेपासून ५-६ इंच वर खडूने सरळ रेघ मारावी.

छापा रेघेवर ठेवून कागदी चिकटपट्टीने धरावा. स्पंजचा तुकडा किंवा बोथट गोल ब्रश रंगात बुडवून आधी वर्तमानपत्रावर दोन-तीनदा टेकवावा, म्हणजे जादा रंग निघून जातो. मग उभा धरून छाप्यावर टेकवत टेकवत जावे. भिंतीला रंग दिल्यासारखा ब्रश ओढू नये; ओढल्यास रंग कडेखाली जातो. एकदा जाड थर देण्यापेक्षा दोनदा पातळ थर द्यावा. छापा सरळ वर उचलावा. दर पाच-सहा छापांनंतर त्याची खालची बाजू ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी. शेजारचा छाप ओला असताना पुढचा ठेवला तर तो पुसला जातो. म्हणून पहिला, तिसरा, पाचवा असे एक सोडून एक छाप मारावेत आणि ते वाळल्यावर मधले भरावेत.

वऱ्हाडातील हवेचाही विचार करावा लागतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या उन्हाळ्यात रंग ब्रशवरच वाळतो आणि छाप्याची बारीक छिद्रे बुजतात. त्या दिवसांत फजरनंतर लगेच काम करावे, थोडाच रंग काढावा आणि उरलेला झाकून ठेवावा. कुलर किंवा पंख्याचा झोत थेट कपड्यावर येऊ देऊ नये. पावसाळ्यात उलट अडचण येते. रंग वाळण्यास एक ऐवजी दोन दिवस द्यावेत. पश्चिमेच्या खिडकीवर दुपारचे ऊन थेट पडते, तेथे गुलाबी, जांभळे असे रंग लवकर उडतात. तेथे मातकट, तपकिरी किंवा गडद निळा रंग घ्यावा आणि मागे जुन्या चादरीचे अस्तर लावावे. अस्तराने रंगही टिकतो आणि खोलीतील उष्णताही थोडी कमी होते. चुलीजवळील किंवा गॅसजवळील खिडकीला मात्र लांब पडदा मुळीच लावू नये.

रंग पक्का करणे आणि तपासणे

छपाईनंतर कपडा २४ तास सावलीत वाळू द्यावा. मग उलट बाजूने, सुती कपड्यास लागते तितक्या गरम इस्त्रीने, प्रत्येक जागी फिरवत फिरवत तीन ते पाच मिनिटे दाबावे. वाफ किंवा पाणी वापरू नये. उष्णतेने बाइंडर धाग्यांशी घट्ट बसतो. ही पायरी वगळली तर आधीची सर्व मेहनत पहिल्या धुण्यात जाते. त्यानंतर वरचा नेफा आणि खालची दुमड शिवून घ्यावी. पहिले धुणे तीन दिवसांनंतर करावे, थंड पाण्यात, साध्या साबणाने, पडदा उलटा करून. नक्षीवर ब्रश घासू नये.

विकण्यासाठी काम करणाऱ्यांनी आणखी एक चाचणी करावी. त्याच कपड्यावर त्याच रंगाचा एक नमुना तयार करून तो पाच वेळा धुवावा आणि न धुतलेल्या नमुन्याशेजारी ठेवून पाहावा. पांढरे फडके कोरडे आणि ओले करून दोन्ही रीतीने नक्षीवर घासावे. फडक्यास रंग लागला तर तो माल विकण्याजोगा नाही.

हिशेब

कापड व रंगाचे भाव दुकानागणिक आणि हंगामागणिक बदलतात. म्हणून खालील रकमा फक्त रीत समजावी यासाठी धरल्या आहेत. वाचकांनी आपल्या बाजारातील भाव घालून आकडे पुन्हा मांडावेत. दोन दारांचे पडदे धरू.

कपडा साडेसात मीटर, ७० रुपयांप्रमाणे : ५२५ रुपये.
रंग : १५० रुपये.
दोरा आणि कड्या : ६० रुपये.
छापा, स्पंज यांची झीज : १५ रुपये.
शिलाई : १२० रुपये.
एकूण : ८७० रुपये.

म्हणजे एक पडदा ४३५ रुपयांना पडला. घरातील जुनी चादर वापरली तर कपड्याचे ५२५ रुपये वाचतात आणि दोन पडद्यांचा खर्च ३४५ रुपयांवर येतो. घरी शिलाई मशीन असेल तर आणखी १२० रुपये कमी. स्वतःच्या घरासाठी करणाऱ्याचा हिशेब येथे संपतो, आणि तो नक्कीच फायद्याचा आहे.

विकणाऱ्याचा हिशेब येथे संपत नाही; आणि पुष्कळ भगिनी येथेच थांबतात, हे त्यांच्या नुकसानीचे मूळ आहे. धुणे, मापणे, छापणे, इस्त्री करणे यांत दोन पडद्यांना पाच तास गेले आणि तासाला ६० रुपये मजुरी धरली तर ३०० रुपये होतात. बेरीज ११७० झाली. शंभरास पाच माल बिघडतो असे धरून त्यात ५८ रुपये ५० पैसे मिळवले की १२२८ रुपये ५० पैसे, म्हणजे एका पडद्यास सुमारे ६१४ रुपये झाले. आता एखादीने ‘४३५ ला पडला, ५०० ला विकला’ असे म्हणून समाधान मानले, तर तिला पाच तासांच्या कामाचे १३० रुपये, म्हणजे तासाला २६ रुपये मिळाले. आणि बिघडलेला कपडाही त्यातूनच भरायचा आहे. ७०० रुपये भाव आला तर मजुरी सुटून पडद्यामागे ८५ रुपयांच्या आसपास नफा राहतो. त्यातून उधारीचा आणि पडून राहिलेल्या मालाचा भार सोसता येतो.

विक्री कोणाला करावी

आठवडी बाजारातील तयार पॉलिएस्टर पडद्याशी भावात स्पर्धा करू नये. तो माल हजारो मीटरने यंत्रावर छापला जातो. हाताने काम करणारा त्या भावाला कधीच पोहोचणार नाही. हाताच्या कामाचे गिऱ्हाईक वेगळे आहे. ज्यांची दारे-खिडक्या वेड्यावाकड्या मापाच्या आहेत असे जुन्या वाड्यांतील रहिवासी, ज्यांना दिवाणाची चादर, उशांचे अभ्रे आणि पडदे एकाच नक्षीचे हवेत अशी लग्नघरे, सुती कपड्याचाच आग्रह धरणारी घरे, लहान शाळा, मदरसे, दवाखाने. अशांकडून आधी माप, नक्षी आणि अर्धी रक्कम घ्यावी आणि मगच कपडा कापावा. माल तयार करून गिऱ्हाईक शोधत हिंडणे लहान भांडवलाच्या माणसास परवडत नाही.

एखादा व्यापारी आपला कपडा देऊन फक्त छपाईचे काम सांगत असेल तर मजुरी दर छापावर ठरवावी, पडद्यावर नव्हे. एकाच पडद्यावर दहा छाप येतात आणि पूर्ण भरलेल्या पडद्यावर शंभरही येतात. मंजूर केलेला नमुना दोघांनी एक-एक ठेवावा. बिघडलेला कपडा कोणाच्या अंगावर, हे काम घेण्यापूर्वीच बोलावे. नंतर निघणारे वाद बहुधा याच मुद्द्यावर असतात. मजुराची मजुरी त्याचा घाम वाळण्यापूर्वी देण्याची प्रेषितांची (स.) शिकवण आपण सारेच जाणतो. जे बंधू घरोघरी काम देतात त्यांनी ती आपल्या वहीत पाळावी. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. शेजारीण किंवा नातेवाईक असली तरी लिहिण्यात संकोच करू नये.

विकताना मालाचा दोष सांगावा. धान्याच्या राशीत आतून ओले आणि वरून कोरडे धान्य ठेवणाऱ्या व्यापाऱ्यास प्रेषितांनी (स.) कसे खडसावले होते, हे सर्वश्रुत आहे. आपल्या व्यवसायात वरून कोरडे दिसणारे धान्य म्हणजे न धुतलेल्या पडद्यावरचा चमकदार रंग. गिऱ्हाइकास नमुन्याचे दोन्ही तुकडे दाखवावेत, धुण्याची रीत चिठ्ठीवर लिहून द्यावी. ती चिठ्ठी मराठी आणि उर्दू दोन्हीत असली तर बरे.

भांडवल आणि प्रशिक्षण

या कामासाठी कर्ज काढण्याची मुळीच गरज नाही. व्याजाचा भार घेऊन तर हे काम करूच नये. एवढा नफा त्यात नाही. पहिला पडदा आपल्या दाराचा करावा, तो दोन-तीन महिने वापरून आणि धुऊन पाहावा. तोच पुढे आपला नमुना होतो. चार-पाच भगिनींनी मिळून कपडा ठोक भावात आणला आणि छापे आपसांत वापरले तर खर्च आणखी उतरतो. काम वाढल्यास केंद्र सरकारची उद्यम नोंदणी विनाशुल्क होते. त्यासाठी मध्यस्थाला पैसे देऊ नयेत. दोन्ही जिल्ह्यांत जिल्हा उद्योग केंद्रे आहेत. प्रशिक्षणाची चौकशी तेथे, तसेच महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राकडे करावी.

अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे होणाऱ्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी झाली. मोठे कारखाने आपल्या गतीने येतील, आणि त्यांत आपल्या तरुणांनी कौशल्य घेऊन उतरलेच पाहिजे. परंतु ज्या भगिनीला घर, मुले आणि वृद्ध सासू-सासरे सोडून कारखान्यात जाता येत नाही, तिच्यासाठी दुपारच्या दोन-तीन तासांत होणारे हे काम आहे. हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) हातकामात कुशल होत्या, त्या कातडे कमावीत, शिवणकाम करीत आणि मिळकत गरिबांत वाटून टाकीत. कष्टाच्या कमाईत कमीपणा नाही, हे आपल्या घरांतून पुन्हा सांगण्याची गरज आहे. त्याचबरोबर त्या कष्टाचा भाव वहीत मांडण्याचीही गरज आहे. ज्यांना हे काम करावेसे वाटते त्यांनी या आठवड्यात एक मीटर मांजरपाट आणून तो धुवावा आणि मोजावा. पुढच्या पायऱ्या त्यानंतर आपोआप सोप्या होतात. अल्लाह त्यांच्या मेहनतीत बरकत देवो.